जिन्यातला दिवा डोळा मारतो

४ मार्च

तुझ्या पेटीने माझी अब्रू जिन्यात टांगली आहे. डोळा मारते मेली! तीनदा, भर दुपारी, सेक्रेटरी जिन्यात उभा असताना. दिवा लागला विझला, लागला विझला, लागला विझला, आणि मग जसं काही झालंच नाही अशी गप्प. सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून दिव्याकडे बघतोय, मी दारातून त्याच्याकडे बघतेय, आणि पेटी कुणाकडेच बघत नाही.

हं. आता आशीर्वाद घे, भिंगरे. जेवतेस ना वेळेवर?

उत्तर द्यायला फोन करू नकोस. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तू थापा मारतेस. कागदावर लिही. कागदावरचं भांडण घडी घालून ठेवता येतं, पुन्हा लागलं की काढता येतं.

तू आलीस, माझ्या दाराशेजारच्या बोर्डावर ती पांढरी पेटी बसवलीस आणि इमारतीचे सगळे दिवे, फाटकाचा, बोळातला, जिन्यातला, गच्चीवरचा, तिच्या हवाली केलेस. मी म्हटलं, इतकी वर्षं हे दिवे मी लावते-विझवते, माझा हात काय झिजला? तू म्हणालीस, "आजी, पहिला आठवडा तूच लाव, नेहमीसारखे. पेटी नुसती बसून राहील. मग पुढचं तिचं ती बघेल." मला वाटलं नव्या सुनेसारखं असेल, आठवडाभर बसून खाईल आणि मग कामाला लागेल. बसल्या बसल्या ती माझी प्रत्येक हालचाल टिपून घेतेय हे काही तू बोलली नाहीस. सून कसली, ही तर नणंद निघाली!

बाकी कामाला वाईट नाही, खोटं कशाला बोलू. तिन्हीसांजेला बोळातला दिवा अगदी माझ्या हातचा लावते. सकाळी उजाडलं की फाटकाचा विझवते, विसरत नाही. तक्रार फक्त त्या दुपारच्या डोळा मारण्याची आहे. तेवढं काढून टाक. का आणि कशाला ते विचारू नकोस. काढ म्हटलं की काढायचं.

आजी


९ मार्च

आजी, नमस्कार.

जेवते वेळेवर. थापा फक्त सणसणीत मारते, बारीकसारीक नाही.

पण आजी, मला का आणि कशाला विचारावंच लागेल. हे माझं बाहेरचं पहिलं काम आहे. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून मी इतके बल्ब विकलेत की स्वप्नातसुद्धा गिऱ्हाईक म्हणतं, जरा लावून दाखवा. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, महिनाभर पेटी नीट चालली आणि तुमच्या सभेने मंजुरी दिली, तर मी कायमची बाहेरच्या कामावर. नाही तर पुन्हा काउंटर, आणि लावून दाखवा.

म्हणून मी इथे बसून, पडद्यावर, तुमच्या पेटीची नोंद उघडून पाहिली. रविवार सोडला तर रोज दुपारी, चहाच्या सुमाराला, तीन वेळा उघडझाप. पेटीला स्वतःचं डोकं नसतं गं. त्या पहिल्या आठवड्यात तुझ्या हाताने जे केलं तेच ती गिरवते, लहान मूल पाटी गिरवतं तसं. म्हणजे हे तुझ्याकडूनच आलंय. बटण सैल होतं का? बोर्डाला ओल आली होती का? खरं कारण कळलं की मी पुसून टाकीन. कारण न कळता पुसलं, तर तारेतला दोष तसाच राहील आणि उद्या जिन्यात कुणाला तरी झटका बसेल.

तू काय करत होतीस दुपारची?

तुझी भिंगरी


१३ मार्च

दुपारची मी झोपते. म्हाताऱ्या बायका दुपारी झोपतात हे तुला शाळेत शिकवलं नाही का?

उंदीर असेल. बोर्डात शिरत असेल, बटणावर नाचत असेल, जात असेल. लिहून टाक उंदीर म्हणून आणि पूस.

तू काही करत नाहीस म्हणून मीच उपाय करून पाहिला. फाटकावर तू तो वाटाण्याएवढा डोळा बसवलास ना, उजेड आहे की अंधार ते बघणारा? म्हटलं, हाच चुगलखोर. याला दिसलंच नाही तर पेटीला सांगणार काय? सेक्रेटरीच्या आईकडून एक मोजा मागून आणला, काठीच्या टोकाने त्या डोळ्यावर चढवला आणि घरात येऊन बसले.

अगं, भर बारा वाजता इमारतीचे बाहेरचे झाडून सगळे दिवे लागले! फाटक, बोळ, गच्ची, सगळं लखलख. वरून लोक खाली, खालचे लोक वर. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर एका माणसाला तोंड उघडं ठेवून तसाच खाली आला. सेक्रेटरीने स्टूल लावून मोजा उतरवला आणि सगळ्यांसमोर हलवत विचारलं, "हा कोणाचा?" जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. मग त्याचं त्यालाच काही आठवलं असावं, कारण मोजा त्याचाच होता आणि दुसरा त्याच्या पायात. घाईघाईने खिशात घातला आणि म्हणाला, "चौकशी होईल."

झालंय असं की तो आता दुपारी बाहेरच जात नाही. रोज चहा झाला की वाचनालयात पेपर वाचायला जाणारा माणूस, घड्याळ लावावं त्याच्यावर. तो आता जिन्यात खुर्ची टाकून दिव्याकडे तोंड करून बसतो. सगळ्या इमारतीच्या दुपारची माती झाली आहे. कशी ते विचारू नकोस. पूस.

आजी


१७ मार्च

आजी,

उंदराला रविवारची सुट्टी असते का?

मी रात्रभर विचार केला आणि मला उलगडा झाला. रागावू नकोस. सेक्रेटरी रविवारी घरी असतात. बाकीच्या दिवशी दुपारी वाचनालयात. तुझ्या खिडकीतून फाटक दिसतं. म्हणजे ते बाहेर पडले की तू दिव्याची खूण करतेस. बरोबर? आणि खूण करायची तर कोणाला? सगळ्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं? क्लॅरिनेटवाले आजोबा. बँडमधून निवृत्त, एकटे, आणि मिशीला रोज तेल लावणारे. मी पेटी बसवायला आले होते तेव्हा दोनदा म्हणाले, "तुमच्या आजी फार हजरजबाबी हो." दोनदा, आजी!

मी कुणालाही सांगणार नाही. बाबांनासुद्धा नाही. माझी अजिबात हरकत नाही. उलट मला इतका आनंद झालाय की आज एका गिऱ्हाइकाला साध्या बल्बच्या जागी रंगीत दिला.

फक्त एवढंच सांग, ते तुझ्याशी नीट वागतात ना?

तुझीच भिंगरी


२० मार्च

तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं. डोकंही रिकामं आहे हे आज कळलं.

त्या माणसाशी? त्या? जो किलवरचा अठ्ठा चार फेऱ्या हातात दाबून बसतो आणि वर तोंड करून म्हणतो, "माझ्याकडे काही नाही बुवा"? ज्याच्या टोपीतून मी स्वतः इस्पिकचा एक्का काढलाय? अशा माणसाबरोबर एक डाव निभत नाही, जन्म काय निभणार!

बघ, बोलायला लावलंस. आता ऐकच सगळं, नाहीतर आणखी काहीतरी रंगीत देशील कुणाला.

आम्ही पत्ते खेळतो. बदाम सात. मी, क्लॅरिनेटवाले, दुसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई, आणि चौथी सेक्रेटरीची आई. हो, त्याचीच. शिंपीणबाईच्या खोलीत, कापडं बेतायच्या टेबलावर. हरेल त्याने चहा करायचा, एवढीच पैज.

लपून का? एक तर जिन्यात त्याने पाटी लावली आहे, तू पाहिलीस, "थुंकू नये, बसू नये, पत्ते खेळू नयेत." जिन्यात नाही तर घरातही नाही, असा त्याचा कायदा. पत्त्यांनी घरं बसतात म्हणे. त्याचं स्वतःचं तोंड बघितलं तरी एखादं घर बसेल. आणि दुसरं म्हणजे त्याची आई. तिला गुडघ्याचं दुखणं. जिना चढायचा नाही, दमायचं नाही, हर्ष करायचा नाही, असं त्याने ठरवलंय. डॉक्टरने नाही, त्याने. उशाशी घंटी ठेवली आहे, उठायचं असेल तर वाजव म्हणून. ती बिचारी रोज दुपारी दोनदा घंटी वाजवून पाणी मागते, कण्हते, पडून राहते. तो फाटकाबाहेर गेला की मी तीनदा दिवा मिचकावते, आणि ही बया जिना अशी चढते की शिंपीणबाईची मशीन थरथरते. जिंकली की एवढ्याने ओरडते की आम्ही तिच्या तोंडात उशी द्यायला तयार ठेवतो. दिवसभरात तेवढंच काय ते तिचं ओरडणं.

हे त्याला कळलं तर तो तिला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. म्हणून उंदीर. आणि आता तुझ्या त्या पाटी गिरवणाऱ्या पेटीमुळे तो खुर्ची टाकून बसलाय, दिवा रोज डोळा मारतोय आणि आम्हा चौघांना आपापल्या घरात बसून बघत राहावं लागतंय. जेवायचं बोलावणं रोज यावं आणि दारात कुत्रा बांधलेला असावा, तसं झालंय.

आता पुसशील?

आजी


२४ मार्च

आजी गं,

तुझं पत्र मी काउंटरवर उघडलं ही चूक झाली. इतकी हसले की साहेब आतून उठून आले. डोळ्यांतलं पाणी बघून त्यांना वाटलं घरी काहीतरी झालं. म्हणाले, आज लवकर जा.

आणि त्यानंतर त्यांनीच मला एक कागद दिला, तेव्हा हसू गेलं. तुमच्या सेक्रेटरींनी कंपनीला लिहिलंय. सभा त्यांनी जिन्यातच बोलावली आहे, बरोबर चहाच्या वेळी, म्हणजे बिघाड सगळ्यांना डोळ्यांनी बघता येईल. तोपर्यंत पेटीला कुणी हात लावायचा नाही, लांबूनसुद्धा नाही. मी काही पुसलं तर तो पुरावा नष्ट करणं धरला जाईल. आणि बिघाडाचं कारण मी लेखी द्यायचं. कारण मिळालं नाही तर पेटी परत.

म्हणजे माझ्या हातात दोनच पानं आहेत, आजी. खरं कारण लिहिलं तर तुमचा डाव मोडतो. कारण माहीत नाही लिहिलं तर माझा.

मी ठरवलंय. जोडणी करताना चूक माझ्याकडून झाली, असं लिहून देते. त्यांच्या आईंना कोंडून ठेवून मला काही साइटवर जायचं नाही. काउंटर तसं वाईट नाही. सावली असते, पंखा असतो.

तू हरू नकोस, आणि चहा करू नकोस.

भिंगरी


३१ मार्च

चूक माझी असं लिहून देणारी तू कोण? आपल्या घराण्यात दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची रीत नाही. स्वतःचीसुद्धा आम्ही सहजासहजी घेत नाही. तो कागद सेक्रेटरीने सभेत वाचायला काढला होता. त्याचं काय झालं ते पुढे येईल, दम धर.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशीच मी तिघांना गोळा करून तंबी दिली. म्हटलं, सभेत दिवा डोळा मारो की नाच करो, कुणी जागचं हलायचं नाही. तोंडं दगडासारखी ठेवायची. सेक्रेटरी बोलायला लागला की मी उठणार आणि सांगणार, हो, मीच करत होते, रोज, तुझी पाठ वळली की तुला वाकुल्या दाखवायला. पेटी शहाणी आहे, पोरगी शहाणी आहे, म्हातारी वेडी आहे. माझ्या वयाच्या बाईला वेडी ठरवायला कुणी पुरावा मागत नाही. एवढी सवलत मिळालीये तर ती वाया का घालवा?

सभा भरली. एकेका पायरीवर दोन दोन माणसं, वर डोकी, खाली पाय, लग्नाच्या फोटोला उभे राहतात तशी. सेक्रेटरीची आई खालच्या खुर्चीत, शाल गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, कण्हणं चालू. सेक्रेटरी हातात छत्री धरून दिव्याखाली. छत्रीचं टोक दिव्याकडे करून म्हणाला, "शांतता! आता सर्वांनी इकडे पाहावं."

सगळ्यांनी पाहिलं. दिवा काही करेना. माना दुखायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "तुमच्या धाकाने बरा झाला वाटतं." कुणी शिंकलं. सेक्रेटरीने तुझा कागद काढला, चष्मा खाली ओढला, घसा साफ केला.

आणि दिव्याने डोळा मारला. लागला विझला, लागला विझला, लागला विझला.

भिंगरे, काय सांगू! सेक्रेटरीची आई तिसऱ्यांदा दिवा विझायच्या आत उभी! कण्हणं अर्ध्यावर सोडून, शाल खांद्यावर टाकून, डोळे नीट उघडायच्या आधीच निघाली, दोघांच्या मधून वाट काढत, तरातरा वर. तिच्या मागे शिंपीणबाई, गळ्यात टेप लोंबतेय. क्लॅरिनेटवाले वरून खाली यायला निघाले, कारण त्यांची वाट खालच्या दिशेची. दोघी वर, हे खाली, मधल्या वळणावर धडकले, टोपी उडाली, आणि टोपीतून पत्ते सुटले. पायरी पायरीवरून घरंगळत खाली. सगळी इमारत पाय उचलून त्यांना वाट देतेय. आणि मी? तंबी देणारी मी? मीसुद्धा चार पायऱ्या चढून गेले होते.

एक पान शेवटपर्यंत आलं आणि सेक्रेटरीच्या बुटाला टेकून थांबलं. बदाम सत्ती.

"आई!" तो ओरडला. "तुझे गुडघे!"

ती वळणावरून खाली वाकली. पकडलं गेलं की माणूस एक तर रडतो नाहीतर मोकळा होतो. ती मोकळी झाली. म्हणाली, "गुडघे तुझ्यासमोर दुखतात रे. तुझी पाठ वळली की ठणठणीत असतात."

आधी दातांचा डॉक्टर हसला. कठडा धरून खालीच बसला. मग सगळा जिना. आमच्या इमारतीत एवढं हसू कधी झालं असेल तर मला तरी आठवत नाही. सेक्रेटरी एका हातात तुझा कागद, एका हातात बदाम सत्ती, बगलेत छत्री, कान लालभडक, असा उभा. मला वाटलं संपलं. आता घंटीच्या जोडीला कुलूप येणार.

त्याची आई खाली उतरली. कठडा न धरता. मुद्दाम, मी ओळखते तिला. त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "धरून काय उभा राहिलास? बदाम सत्ती ज्याच्या हातात, त्याने पहिलं पान टाकायचं असतं."

त्याने पान उलटसुलट करून पाहिलं. मग एवढुसा आवाज काढून म्हणाला, "मला येत नाही."

"म्हणून तर पाटी लावलीस," ती म्हणाली. "बस खाली."

आणि बसला गं! त्याच्याच पाटीखाली, पायरीवर. थुंकला नाही एवढंच, बाकी दोन्ही नियम मोडले. पान टाकलं. आईने त्याला असा हरवला की विचारू नकोस, आणि जी आरोळी ठोकली, फाटकाबाहेरून दोन माणसं आत बघायला आली. उशी कोणी आणली नाही. चहा सेक्रेटरीने केला, सगळ्या इमारतीला. पांचट होता, पण केला.

तुझा कागद त्याने कपाखाली ठेवला. त्यावर चहाचं गोल वर्तुळ उमटलंय, तेवढाच त्याचा उपयोग झाला. मग ठराव लिहिला, त्याच्याच अक्षरात: "जिन्यातील दिव्याची उघडझाप हा बिघाड नसून इमारतीची सोय आहे. पेटी मंजूर." सगळ्यांनी सह्या ठोकल्या. त्याची नक्कल तुझ्या कंपनीला टपालाने निघाली आहे. सोबत दोन मागण्या आहेत. रविवारीही डोळा मारावा, कारण रविवारी सेक्रेटरीला वेळ असतो. आणि तीनदा नको, चारदा, म्हणजे दातांच्या डॉक्टरला हातातलं आवरून यायला सवड मिळते. हे गिरवून घे पेटीकडून.

क्लॅरिनेटवाल्यांनी आता मिशीला दोन वेळा तेल लावायला सुरुवात केली आहे. कशासाठी ते मी विचारलेलं नाही. तूही विचारायचं नाहीस.

आता नीट ऐक. पाकिटात एक पान घातलं आहे. बदाम सत्ती, तीच. हे तुझ्या साहेबाच्या हातात द्यायचं, टेबलावर ठेवायचं नाही, हातात. आणि सांगायचं, इमारतीने पानं वाटली, आता सत्ती त्याच्याकडे आहे, तर पहिलं पान त्याने टाकावं. पोरीला काउंटरवरून कायमची बाहेर काढली की नाही, एवढंच लिहायचं. काढली असेल तर एक ओळ पुरे. काढली नसेल तर स्वतः इथे येऊन, आम्हा सगळ्यांसमोर, जिन्यात उभं राहून सांगावं. त्या दिवशी दिवे पेटीकडे नसतील, माझ्याकडे असतील.

पान लवकर परत पाठवा. सत्तीवाचून डाव सुरूच होत नाही, सगळी इमारत खोळंबली आहे. आणि भिंगरे, या पत्राला उत्तर तू द्यायचं नाहीस. त्याने द्यायचं.

आजी